शेपूट हलतंय, पण जेवण सुटलंय: ब्रुनोचं काय करायचं?

तुमचं सगळं लिहिलेलं दोनदा वाचलं. ब्रुनो, साडेअकरा वर्षांचा लॅब्राडोर. दोन महिन्यांपूर्वी उलट्या सुरू झाल्या म्हणून रक्त तपासलं, तर किडनीचा आजार निघाला. गेल्या आठवड्यात क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते दाखवणारा रक्तातला आकडा, किडनी बिघडली की तो चढतो) ७.८. एक दिवसाआड सलाईन लावता, त्या दिवशी जरा बरा वाटतो, दुसऱ्या दिवशी परत मलूल. उकडलेलं चिकन पुढं केलं की वास घेतो आणि मान फिरवतो. तुम्ही ऑफिसमधून आलात की मात्र पडल्या पडल्या शेपूट आपटतो. डॉक्टर म्हणाले, "आता तुम्हीच ठरवा." सासूबाई म्हणतात इंजेक्शन देऊन मारणं पाप आहे. मिस्टर म्हणतात हाल बघवत नाहीत. आणि शेवटी तुम्ही मला विचारलंय, "तुमचा स्वतःचा असता तर तुम्ही काय केलं असतं?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, पण जरा पुढं गेल्यावर. ते ऐकून माझ्याबद्दल तुमचं मत फार चांगलं होईल असं नाही.

मी २७ वर्षं पशुवैद्यकाचं काम करते. पहिली पाच वर्षं सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागात, सरकारी दवाखान्यात, म्हणजे गाई-म्हशी, शेळ्या, बैल. नंतर सांगलीत स्वतःचा दवाखाना, आणि तिथं मुख्यतः कुत्री-मांजरं. ब्रुनोला मी पाहिलेलं नाही, हे आधी सांगते. हात न लावता जनावराबद्दल शेवटचं मत देऊ नये, आणि मीही देणार नाही. पण विचार कसा करायचा ते सांगता येईल.

इंजेक्शन द्यायचं तर "कधी", असंही तुम्ही विचारलंय. मला वाटतं गाडी त्याच्या आधीच अडली आहे. तुमच्याकडे पुरावा आहे शेपटाचा, मिस्टरांकडे रात्रीच्या हालांचा, डॉक्टरांकडे रक्ताच्या रिपोर्टचा. तिघंही खरं बोलताय. यातलं कशाला किती मोल द्यायचं हे घरात ठरलेलं नाही, मग तारीख कशी ठरणार?

त्याच्याही आधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण ती राहून गेली असेल तर बाकी सगळं बोलणं फोल आहे. ७.८ हा आकडा जुन्या, हळूहळू झिजलेल्या किडनीचा आहे, की अचानक बसलेल्या फटक्याचा? दोन्हीत रक्ताचा रिपोर्ट जवळपास सारखा दिसू शकतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जंतूंचा आजार) होतो आणि किडनी दोन-तीन दिवसांत कोलमडते. त्यात क्रिएटिनिन ८ असलेला कुत्रासुद्धा वेळेवर अँटिबायोटिक आणि चांगलं सलाईन मिळालं तर उठून घरी गेलेला मी पाहिलाय. गोचीड तापात किडनीला मार बसतो. जुन्या आजारावर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग चढला तर आकडा एकदम वर जातो आणि उपचारानं बराच खालीही येतो. लस दिली होती म्हणून लेप्टो नसेलच असंही नाही, लशीत त्याचे सगळे प्रकार नसतात. (लेप्टोची जरा जरी शंका असली तर ब्रुनोची लघवी साफ करताना हातमोजे घाला. तो माणसालाही होतो.)

तेव्हा डॉक्टरांना विचारा: सोनोग्राफीत किडन्या लहान, आक्रसलेल्या दिसतात का? हिमोग्लोबिन कमी आहे का? वजन गेल्या सहा महिन्यांत हळूहळू उतरलंय का? पाणी पिणं आणि लघवी बऱ्याच आधीपासून वाढली होती का? या सगळ्याला "हो" असेल तर आजार जुना आहे. झिजलेली किडनी परत भरून येत नाही. सलाईननं रक्तातली घाण तात्पुरती पातळ होते, एवढंच. किडनीच्या आजाराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कुत्र्याचं क्रिएटिनिन ५ च्या वर गेलं की ती चौथी, म्हणजे शेवटची पायरी. मात्र तो आकडा मोजायचा तो शरीरातलं पाणी भरून काढल्यानंतरचा. उलट्यांनी सुकलेल्या कुत्र्याचं रक्त घेतलं तर आकडा उगाच फुगतो. म्हणून तीन-चार दिवस दवाखान्यात शिरेतून नीट सलाईन देऊन परत तपासणी झाली नसेल, तर ती एकदा करून घ्या. आकडा निम्म्यावर आला तर गोष्ट वेगळी. ७.८ चा ७.२ झाला तर उत्तर मिळालं. डायलिसिसबद्दल कुणी सुचवेल. मोठ्या शहरांत काही ठिकाणी ते होतं, पण ते शोभतं अचानक बंद पडलेल्या किडनीला, जी सावरेपर्यंत वेळ काढायचा असतो. साडेअकरा वर्षांच्या कुत्र्याला कायमचं डायलिसिस, या वाटेला मी कुणाला पाठवत नाही.

आणि पैसे. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत, म्हणजे मनात असणारच. दवाखान्यात रोजचं सलाईन, दर आठवड्याला रक्त, वर रजा. पैसे संपत आलेत हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. माझ्याकडे माणसं हे सांगायला लाजतात आणि मग अर्धवट उपचार करत राहतात. त्यात जनावराचेही हाल आणि माणसाचेही.

आता आजार जुनाच आहे असं धरून पुढं जाऊ.

किडनीच्या शेवटच्या टप्प्यात कुत्र्याला काय होत असेल? लोक विचारतात "दुखतंय का हो त्याला?" दुखण्यापेक्षा जास्त असतं ते मळमळणं. बोटीवर किंवा घाटात बसमध्ये जे होतं ते, चोवीस तास. रक्तात साठलेल्या घाणीमुळे तोंडात, जिभेच्या कडेला फोड येतात, तोंडाला अमोनियासारखा वास येतो. भूक असते पण अन्न जवळ आलं की उमासा येतो. ब्रुनो वास घेऊन मान फिरवतो ते हेच. त्याला तुम्ही "नखरे करतोय" म्हणालात, तसं नाहीये ते. सतत ओठ चाटणं, घोट गिळत राहणं, लाळ, पाण्याच्या भांड्याशी नुसतं जाऊन उभं राहणं, पाणी पिऊन लगेच ओकणं, हे सगळं मळमळीचंच.

मळमळीवर चांगली औषधं आहेत. मारोपिटंट आहे, ऑन्डान्सेट्रॉन आहे, भूक लागावी म्हणून मिर्टाझापिन आहे. तोंडातल्या फोडांना लावायला औषध मिळतं. रक्तदाब वाढलेला असेल तर त्याची गोळी सुरू करता येते. यातलं काय सुरू आहे ते बघा. माझा नियम असा की मळमळीची औषधं पूर्ण डोसमध्ये चार-पाच दिवस गेल्याशिवाय "हा खात नाही" या वाक्यावर मी कुठलाही निर्णय घेत नाही. ती देऊनही त्यानं मान फिरवली, तर त्या मान फिरवण्याला वजन आहे. आणि कृपा करून सिरिंजनं पातळ पेज घशात ओतू नका. आपलं समाधान होतं, त्याला मात्र आणखी ओकारी येते, आणि फुप्फुसात गेलं तर वेगळंच संकट. घरातल्या माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात नकोत. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन उरलीसुरली किडनीही संपवतात.

आता शेपूट. याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तुमचं सगळं तिथंच अडकलंय.

"तो स्वतःच सांगेल, त्याच्या डोळ्यांत दिसेल" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. हे वाक्य मी सुरुवातीला स्वतःही लोकांना सांगायचे. आता सांगत नाही. लॅब्राडोर शेवटच्या तासापर्यंत शेपूट हलवतो. ऑपरेशन टेबलवर पोट रक्तानं भरलेला लॅब माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता. शेपूट हलतं ते तुम्ही आलात म्हणून. तुम्ही नसताना साडेआठ तास तो काय करत होता हे त्यातून कळत नाही. शिवाय आपण डोळ्यांत बघतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला हवं तेच दिसतं. एकाच कुत्र्याच्या डोळ्यांत आईला "मला जगायचंय" दिसतं आणि मुलाला "मला सोडवा". हे दृश्य माझ्या टेबलाभोवती कितीदा घडलंय.

मग बघायचं काय? हे मला कॉलेजात नाही कळलं, एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शिकवलं. माण तालुक्यातली गोष्ट. त्यांची म्हैस पाच दिवस पडून होती, मी सलाईनवर सलाईन चढवत होते आणि म्हणत होते, "बाबा, आज डोळे जरा बरे दिसतायत." ते म्हणाले, "बाई, डोळं नगा बघू. रवंथ करतीय तवर जनावर आपलं हाय. रवंथ सोडला की ते नुसतं दावणीला असतंय." म्हैस त्या रात्री गेली. रवंथ म्हणजे काय, तर पोट भरल्यावर निवांत बसून करायचं काम. कुणी बोलावलं म्हणून, कुणाला बघून केलेलं नव्हे. जनावर आपल्या आपण, स्वतःसाठी जे करतं ते.

ब्रुनोचा रवंथ कुठला ते तुम्ही शोधायचं. आजारी नव्हता तेव्हा तो कुणी न सांगता काय करायचा? दूधवाल्याची सायकल वाजली की गेटशी जाणं. दुपारी उन्हाच्या तुकड्याबरोबर सरकत सरकत खोलीभर फिरणं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हनुवटी ठेवून बसणं. अंगणातल्या त्याच एका कोपऱ्यात लघवी करणं. अशा चार गोष्टी निवडा, घरातल्या सगळ्यांनी मिळून, सासूबाईंनाही त्यात घ्या. दिवसभर घरी त्याच असतात ना? मग तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असेल. मग कालनिर्णयवर, जिथं दुधाचे खाडे लिहितो तिथं, रोज रात्री लिहायचं: चारपैकी किती. शेजारी उलटी झाली का आणि रात्री झोपला का. बस. दहा दिवसांनी ते पान तिघांनी एकत्र बघायचं. माझ्या अनुभवात वाद तिथंच बराचसा मिटतो, कारण मग प्रत्येकाच्या आठवणीऐवजी समोर कागद असतो. आपली आठवण फसवी असते. कालची वाईट रात्र आजच्या एका बिस्किटानं पुसली जाते.

अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली, ती तुम्हाला कुठंही सापडेल. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर चालवून घेण्याजोगं. मी ती वापरते, पण बेरजेवर माझा फार विश्वास नाही. श्वास धड घेता येत नसेल तर बाकी सहा विषयांत पैकीच्या पैकी मिळून काय उपयोग? तुमच्या चार खुणा घरच्या आहेत, म्हणून मला त्या जास्त पटतात.

काही अवस्थांत मात्र कॅलेंडर बघत बसायचं नसतं. धाप लागून आडवं होता येत नाही, फिट थांबत नाहीत, लघवी पूर्ण बंद झाली, पोटात रक्तस्राव, वेदनाशामकानंही न थांबणारं कण्हणं. तिथं निर्णय त्याच दिवशी. आणि काही अवस्था दिसतात भयंकर, पण त्या कारण होत नाहीत. मागचे पाय गेलेला कुत्रा चाकांच्या गाडीवर पाच-पाच वर्षं मजेत काढतो. आंधळा, बहिरा, तीन पायांचा कुत्रा यांचा प्रश्न बहुतेक वेळा आपल्या डोळ्यांचा असतो. ब्रुनोच्या बाबतीत ही दोन्ही टोकं नाहीत, तो मधल्या पट्ट्यात आहे, आणि सगळ्यात अवघड हाच पट्टा. इथं "योग्य दिवस" असा एक दिवस नसतो. आठ-पंधरा दिवसांची फट असते. तिच्या आधी केलं तर घाई, तिच्या नंतर हाल. फटीतला कुठलाही दिवस चालतो. पण तुम्ही ती नेमकी तारीख शोधत बसलात तर फट निघून जाते.

"झोपेत शांतपणे जाईल" अशी आशाही तुम्ही लिहिली आहे. हृदय अचानक बंद पडलं तर जाईलही. पण किडनीच्या आजारात शेवट सहसा तसा नसतो. उलट्या, थरथर, काहींना फिट, एक-दोन दिवस बेशुद्धी, आणि हे बहुतेक रात्री, जेव्हा कुठला दवाखाना उघडा नसतो. मी घाबरवायला लिहीत नाही. निवड "शांत नैसर्गिक मरण की इंजेक्शन" अशी नसते, एवढं माहीत असावं म्हणून लिहितेय.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते. तुम्ही ते जरा उडवून लावल्यासारखं लिहिलंय, तसं करू नका. जे आपण निर्माण करू शकत नाही ते घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, हा साधा विचार नाही. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं, कूससुद्धा बदलता येत नव्हती, डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा गांधीजींनाही कुणी हेच सांगितलं होतं. गांधीजींनी आश्रमातल्यांशी चर्चा केली आणि डॉक्टरांकडून स्वतःच्या समोर त्या वासराला इंजेक्शन देऊन मरण दिलं. मग 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'त त्याबद्दल उघड लिहिलं आणि संतापाच्या पत्रांचा भडिमार सोसला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हिंसा ठरते ती हेतूवरून, आणि इथं स्वार्थ नव्हता. सासूबाईंना हे सांगून बघा. जिंकण्यासाठी सांगू नका. हा प्रश्न मोठमोठ्यांना पडलाय आणि त्यांनी तो हलक्यात घेतला नाही, एवढं त्यांना कळलं तरी पुरे. कायद्याचं विचाराल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूर पद्धतीनं मारणं गुन्हा आहे. असाध्य आजारात नोंदणीकृत पशुवैद्यकानं भूल देऊन वेदनेविना मरण देणं त्यात येत नाही.

आणि समजा घरानं ठरवलं की इंजेक्शन नाहीच. माझ्याकडे अशी कुटुंबं आहेत, त्यातल्या एकीनं तर आपल्या मांजरीची शेवटचे सतरा दिवस इतकी निगुतीनं सेवा केली की मी अजून आठवते. तेही चालतं. पण मग "नैसर्गिक" म्हणून हात बांधून बसायचं नाही. मळमळीची, वेदनेची औषधं शेवटपर्यंत, दर तीन-चार तासांनी कूस बदलणं, खाली मऊ आणि कोरडं, तोंड ओलं ठेवणं, रात्री कुणीतरी जागं. ही तयारी नसेल तर पापाचा प्रश्न उलटाही विचारावा लागेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न.

माझा होता काळू. रस्त्यावरून उचललेला, तेरा वर्षं दवाखान्याच्या पायरीवर राहिला. त्याचं हृदय वाढलं, फुप्फुसात पाणी भरू लागलं. झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला तीसच्या आत असावा. काळूचे ४४ झाले. मी पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं, ३२ वर आले. मी खूश. दुसऱ्या दिवशी ५०. डोस वाढवला, ३६. असे नऊ दिवस. रोज मी आकडे वहीत लिहीत होते आणि रोज एक तरी आकडा असा सापडत होता की ज्यावर आणखी एक दिवस काढता येईल. तो आडवा होत नव्हता, मान पुढं काढून बसून झोपायचा, हे मला दिसत होतं. इतरांच्या कुत्र्याबद्दल मी हे बघून दोन दिवसांत "आता सोडवा" सांगितलं असतं. नवव्या दिवशी संध्याकाळी आमचे कंपाउंडर कुलूप लावता लावता म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या कुणाचा असता तर?" मी म्हणाले, उद्या सकाळी बघू. काळू त्या रात्री तीन वाजता गेला, आणि शांतपणे गेला नाही. वर्णन करत नाही.

तर माझा असता तर मी उशीर केला असता. केलाच. म्हणून "तुमचा असता तर" हा प्रश्न मी आता लोकांना उलटा करून विचारायला सांगते: ब्रुनो शेजाऱ्यांचा असता आणि हे सगळं त्यांनी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही त्यांना काय म्हणाला असतात? तुम्ही लिहिलेलं मी तसंच वाचलं, आणि आजार जुना निघाला व औषधांनी चार-पाच दिवसांत फरक पडला नाही, तर माझं मत असं की तुम्ही त्या फटीत आला आहात. अजून पुढं गेलेला नाहीत. त्यामुळे आज रात्री काही करायची गरज नाही, पण पुढचा महिनाही हातात नाही. मी तुमच्या जागी असते तर त्या चारपैकी तीन खुणा सलग तीन दिवस दिसल्या नाहीत की डॉक्टरांना फोन, असं आत्ताच, शुद्धीत असताना, लिहून ठेवलं असतं. तेव्हा पुन्हा चर्चा करायची नाही. "तुम्हीच ठरवा" म्हणणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नका. आम्ही ते म्हणतो कारण नंतर "डॉक्टरांनीच मारायला सांगितलं" हे ऐकायची भीती असते. त्यांना असं विचारा, "इथून पुढं चांगल्यात चांगलं काय होईल? आणि वाईट झालं ते रात्री दोनला, तर मी कुणाला फोन करू?" बघा, सरळ उत्तर मिळेल.

दिवस ठरला तर काही व्यवहाराच्या गोष्टी. वेळ सकाळची घ्या, कामाच्या दिवशी, दवाखान्यात गर्दी नसताना. घरी येणारे डॉक्टर मिळाले तर उत्तम. आधीच विचारा, "प्रथम भूल देणार ना?" पद्धत अशी असते: पहिलं इंजेक्शन गुंगीचं, मग पायाला सलाईनची सुई लावून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, त्यानं मेंदू आधी थांबतो, मग श्वास, मग हृदय. काही ठिकाणी शुद्धीतल्या जनावराला थेट मॅग्नेशियम किंवा पोटॅशियम देतात, ते तुम्ही होऊ देऊ नका. ती औषधं वापरायचीच तर पूर्ण, गाढ भुलीनंतर, त्याआधी ती यातना असते. नंतर डोळे उघडेच राहतात. एक-दोन उसासे येतात, पाय हलतो, लघवी होते. हे माहीत नसलं तर माणसं घाबरतात की तो अजून आहे. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून सांगतील तेव्हाच संपलं.

नंतर पुरणार असाल तर खड्डा निदान चार फूट खोल, विहीर-बोअरपासून लांब. पावसाळ्यात माती खचते, वर दगड ठेवा. शहरात असाल तर महापालिकेकडे किंवा प्राण्यांच्या दाहिनीची चौकशी आधीच करून ठेवा, त्या दिवशी फोन शोधत बसायला नको. नदीत किंवा माळावर टाकणं नको, कारण औषध शरीरात राहतं आणि ते खाणारी कुत्री, कावळे, घारी मरतात. मुलगा सात वर्षांचा आहे म्हणालात. त्याला "गावाला पाठवला" सांगू नका, तो वाट बघेल. "झोपवला" असंही नको, तो स्वतः झोपायला घाबरेल. फार आजारी होता, डॉक्टरांना बरं करता आलं नाही, म्हणून दुखू नये असं औषध दिलं आणि तो मेला, हे एवढंच.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की शेवटी तुम्हाला तिथं थांबवेल की नाही माहीत नाही, आणि नाही थांबलात तर त्याला कळेल का. गुंगी चढायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढी मिनिटं थांबा, त्याच्या डोक्याशी बसा, नेहमी जे बोलता ते बोला. एकदा त्याची मान तुमच्या हातावर जड झाली की त्याला काही कळत नाही. त्यानंतर तुम्ही उठून बाहेर गेलात आणि मिस्टर थांबले, तरी चालेल.